संध्याकाळचा विसावा कोणाचा?

आजचे वाचन : मार्क ६:३०-४६ आणि निर्गम २३:१२



बारा शिष्य सेवा करून परत आले आहेत. प्रभूने त्यांना दोघे दोघे करून पाठवलं होतं. आपण काय केलं, काय शिकवलं, ते सगळं ते त्याला सांगत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची एवढी गर्दी आहे की दोन घास खायलाही सवड नाही. अशा वेळी अजून किती गावं राहिली, असं प्रभू विचारत नाही. एकांतात चला आणि जरा विसावा घ्या, असं तो सांगतो.

हा भाग मी पुष्कळदा वाचला आहे. पण या आठवड्यात तो एका प्रश्नासकट समोर आला. कारण झालं एक सिनेमा.

‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हिरो’ हा २०१४ सालचा मराठी सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. समृद्धी पोरे यांनी तो दिग्दर्शित केला आणि नाना पाटेकर व सोनाली कुलकर्णी यांनी डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या भूमिका केल्या. आमच्या तरुणांच्या संगतीत आम्ही तो मिळून पाहिला. गोष्ट आपल्या विदर्भाचीच आहे. आपण बुलढाणा जिल्ह्याचे लोक विदर्भाच्या पश्चिम टोकाला, आणि हेमलकसा पार पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात. १९७३ साली बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि हे तरुण डॉक्टर नवरा-बायको तिथे राहायला गेले. धड रस्ता नाही, वीज नाही. दवाखाना सुरू झाला तो झाडाखाली. माडिया गोंड लोकांच्या अंगावर पुरतं कापड नाही हे पाहून प्रकाशभाऊंनी स्वतःचा वेष बनियन आणि हाफ पँट एवढाच ठेवला. पुढे २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याआधीची कितीतरी वर्षं त्या जंगलात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

सिनेमा संपला आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, “काका, जगात एवढं दुःख आहे, आणि आपण रोज संध्याकाळी ओट्यावर चहा घेत निवांत बसतो. हे देवाला चालतं का?”

प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तरही खरं द्यायला हवं. ‘चालतं रे, एवढं मनावर घेऊ नको’ असं म्हणून तो झटकता येणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आमटे दांपत्य काही ख्रिस्ती सेवा म्हणून हेमलकशाला गेलं नाही. मग त्यांच्यावरच्या सिनेमातून आपण ख्रिस्ती लोकांनी विश्वासाचा धडा का घ्यावा? तर लूकच्या दहाव्या अध्यायात आपल्या प्रभूने नेमकं हेच केलं म्हणून. शेजारी कोण, हे शिकवताना त्याने उदाहरणासाठी याजक निवडला नाही, लेवीही निवडला नाही. ऐकणाऱ्यांना जो आपला वाटत नव्हता, तो शोमरोनी निवडला. जिथे दया दिसते तिथे थांबून बघा आणि जाऊन तसंच करा, ही प्रभूचीच शिकवण आहे.

पण त्या शोमरोन्याची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाला दिले, याची काळजी घे म्हणाला, आणि तो आपल्या वाटेला लागला. परत येईन तेव्हा वरचा खर्चही देईन, असंही त्याने सांगितलं. म्हणजे त्याने जखमी माणसाला टाकलं नाही, आणि सगळं मीच करणार असा हट्टही धरला नाही. प्रीतीचं ओझं वाटून घेता येतं. हेमलकशालाही प्रकाशभाऊ एकटे नव्हते. मंदाताई होत्या आणि साथ देणारे कार्यकर्ते होते. एकट्याच्या खांद्यावर जग पेलण्याचं काम देवाने कोणालाच दिलेलं नाही. ते काम त्याचं आहे.

आता विसाव्याकडे येऊ. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस मोजताना संध्याकाळ आधी येते, सकाळ नंतर. यहुदी लोकांचा दिवस आजही सूर्यास्तालाच सुरू होतो. मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला, म्हणजे त्याने पाहिलेला पहिला पूर्ण दिवस होता विसाव्याचा. त्याने अजून काहीच काम केलेलं नव्हतं! आपल्याला वाटतं की काम करून विसावा कमवावा लागतो. पवित्र शास्त्रात विसावा हे आधी मिळालेलं दान आहे, आणि काम त्याच्या मागून येतं.

एलीयाची आठवण करा. १ राजे १९ मध्ये तो थकून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला दिलं. आपल्या मंडळ्यांमध्ये अशा कितीतरी बहिणी आहेत ज्या वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करतात आणि घटकाभर बसल्या तरी त्यांना अपराधी वाटतं. ताई, तुमच्यासाठी हे वचन आहे. तुमचं बसणं देवाला खुपत नाही.

तर मग त्या मुलाला ‘चालतं’ एवढंच सांगून मोकळं व्हायचं का? नाही. कारण निर्गम २३:१२ अजून बाकी आहे.

तिथे शब्बाथाची आज्ञा देताना देव कारण सांगतो, आणि ते कारण मालकापाशी थांबत नाही. तुझ्या बैलाला, तुझ्या गाढवाला विसावा मिळावा. तुझ्या घरच्या दासीच्या मुलाला आणि परक्यालाही ताजंतवानं होता यावं. वाचताना मला आपला पोळा आठवतो. श्रावणातल्या अमावस्येला आपल्याकडे बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात, हळद आणि तूप लावून चोळतात, त्याला जेवायचं आवतण देतात. पूजेचा भाग आपण ख्रिस्ती लोक करत नाही, पण त्या दिवशी बैलाला जुंपावं असं आपल्यातल्या शेतकऱ्यालाही वाटत नाही. वर्षभर जो खांदा आपल्यासाठी घासला गेला त्याची आठवण ठेवायची, हे शहाणपण आपल्या मातीत आहे आणि मोशेच्या नियमशास्त्रातही आहे.

म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसताना एक प्रश्न सोबत घेऊन बसावं : माझा विसावा कोणाच्या खांद्यावर उभा आहे?

घाटावर असो की घाटाखाली, आपल्या जिल्ह्यात संध्याकाळ सगळ्यांची सारखी नसते. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला शेतकरी ऐन थंडीत बॅटरी घेऊन निघतो. अंधारात विंचू-साप, रानडुकरं, आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास अस्वलाची भीती. कपाशीची वेचणी करून आलेली बाई घरी आल्यावर बसत नाही, चूल पेटवते. पुरुषमंडळी अंगणात गप्पा मारतात आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो. हे आपल्या ख्रिस्ती घरांतही होतं, आणि मार्थेला प्रभूने काय सांगितलं यावर तिथेच उपदेशही होतो! मरीयेने प्रभूच्या पायांशी बसावं असं खरंच वाटत असेल, तर कोणीतरी उठून मार्थेच्या हातातलं भांडं घ्यायला हवं.

विसावा पाळणं आणि दया करणं यांचा मेळ कसा घालायचा, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूवरचा ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ हा १९८१ सालचा सिनेमा प्रसिद्ध आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली. मग तो ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. सिनेमाचा मुख्य भाग इथे संपतो, पण लिडेलची गोष्ट पुढे आहे. तो मिशनरी होऊन चीनला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेईश्येनच्या छावणीत ठेवलं. तिथे आई-बापांपासून तुटलेली पुष्कळ मुलं होती. रविवारी ती हॉकी खेळायला लागली की पंच नसल्यामुळे भांडणं व्हायची. तेव्हा ज्या लिडेलने ऑलिंपिकसाठी रविवार मोडला नाही, तोच रविवारी शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहिला. १९४५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याच छावणीत तो प्रभूकडे गेला.

त्याने तत्त्व सोडलं का? मला तसं वाटत नाही. पॅरिसमध्ये प्रश्न त्याच्या स्वतःच्या गौरवाचा होता, छावणीत प्रश्न लेकरांचा होता. स्वतःच्या नावासाठी त्याने विसावा विकला नाही, आणि दुसऱ्याच्या गरजेसाठी तो हातचा राखला नाही. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, या मार्क २:२७ मधल्या शिकवणीचा अर्थ त्याने जगून दाखवला.

आणि आता पुन्हा आजच्या वाचनाकडे बघा. शिष्य विसाव्यासाठी मचव्यातून निघाले, पण लोक पायी धावत त्यांच्याआधी तिथे पोहोचले. प्रभू त्यांच्यावर चिडला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून त्याला कळवळा आला. त्याने शिकवलं, पाच हजार पुरुषांना जेवू घातलं. पण मग लगेच ४५ आणि ४६ वं वचन काय सांगतं? त्याने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. विसावा पुढे ढकलला गेला, रद्द झाला नाही.

म्हणून त्या मुलाला मी असं सांगेन : बाळा, ओट्यावर बस. आभार मानून बस. मोबाईल बाजूला ठेव, नाहीतर तास निघून जाईल आणि थकवा तेवढाच राहील. बसल्यावर कोणी दारात आलं तर त्याला त्रास समजू नको. आठवड्यातली एक तरी संध्याकाळ अशी शोध की तुझ्यामुळे दुसरं कोणीतरी बसू शकेल. आई, वहिनी, शेतावरचा गडी, आजाऱ्याची उसाबर करणारी शेजारीण, कोणीही. देवाने तुला पुढे हेमलकशासारख्या ठिकाणी बोलावलं तर जरूर जा. पण विसाव्याची लाज वाटते म्हणून जाऊ नको, कळवळा आला म्हणून जा. लाजेने निघालेला माणूस लवकर थकतो.

प्रार्थना : हे प्रेमळ बापा, संध्याकाळ तुझं दान आहे, म्हणून तुझे आभार. जे दिवसभर राबून आज रात्रीही जागे आहेत, त्यांना सांभाळ. आमच्या विसाव्यात त्यांचा वाटा काढायला आम्हाला शिकव. थकलेल्यांना तुझ्याजवळ बोलावणाऱ्या प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.