दैव पाचवं आहे

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : गीता, अध्याय १८, श्लोक १४

गेल्या रविवारी सकाळी देवळाली कॅम्पात पाऊस थांबला आणि मी म्हटलं, "चला, ब्रह्मगिरी!" ना तयारी, ना हवामान पाहिलं. तासाभरात सॅक गाडीत आणि आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला.

वर पायऱ्यांवर दाट धुकं. लेक पुढे पळत होती, मी फोटो काढत होतो. मान वर केली, तर ती दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. दहा मिनिटांनी ती वरच्या वळणावर काकडी विकणाऱ्या मावशींपाशी सापडली. "बाबा येईपर्यंत इथंच बस," म्हणून त्यांनीच तिला थांबवलं होतं.

मी म्हटलं, "देवाची कृपा!" बायको एवढंच म्हणाली, "कृपा आहेच. पण लक्ष कुणाचं नव्हतं?"

परंपरा सांगते, याच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत विठ्ठलपंतांच्या कुटुंबासमोर वाघ आला, सगळे पांगले आणि वाट चुकलेल्या निवृत्तीला गुहेत गहिनीनाथ भेटले. तोच उपदेश पुढे ज्ञानदेवांना मिळाला. ही गोष्ट आपण नेहमी निवृत्तीच्या बाजूने ऐकतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा विठ्ठलपंत दिसले. मुलगा परत येईपर्यंत त्यांना गुरुकृपा कुठे ठाऊक होती? आणि त्यांच्यासमोर वाघ तरी होता. माझ्यासमोर मोबाईल होता.

आजच्या श्लोकात कर्माची पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवं दैव. दैव यादीत आहे, पण एकटं नाही. ऑफिसात सिस्टिम बंद पडली, तर कारणाच्या रकान्यात "नशीब" लिहून आपण तिकीट बंद करतो का?

कुणी म्हणेल, दोनच श्लोकांनंतर कृष्ण सांगतात की जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही. मग जबाबदारी माझी कशी? मला वाटतं, तो श्लोक कर्त्याचा अहंकार उतरवतो, त्याचं नाव यादीतून खोडत नाही. यश मिळालं की दैवाकडे बघावं, चुकलं की कर्त्याकडे. आपण नेमकं उलटं करतो.

रात्री आधी लेकीची माफी मागितली, मग देवासमोर हात जोडले. हा क्रम मला बरोबर वाटला.

तुम्ही शेवटचं "देवाची इच्छा" कधी म्हणालात? तेव्हा बाकीची चार कारणं तपासली होती का? आज एवढंच चिंतन करूया.

राम कृष्ण हरी 🙏