नाही म्हणण्याचा अधिकार

तर्कसंग्रह शिकवताना ‘जमिनीवर घडा नाही’ हे उदाहरण आलं की वर्गात कंटाळा पसरतो. घडा नाही हे समोर दिसतंय, त्यात प्रमाणाचा प्रश्न कुठे आला? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं, सहावं प्रमाण मानावं लागतं. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षच पुरतं. पण एक अट दोघांनाही मान्य आहे आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. मिट्ट काळोखात घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही. ही अट पुरी करणाऱ्या न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

हल्ली हे मी लॅपटॉप घेऊन शिकवते. माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन आहेत, एक प्रोसेसरच्या आतलं, दुसरं वेगळं कार्ड. एन्व्हिडियाने २०१० साली ऑप्टिमस आणलं, तेव्हापासून अशी जोडी सर्रास दिसते: साधी कामं आतलं ग्राफिक्स करतं, जड काम आलं की कार्ड जागं होतं, बॅटरी वाचते. मी लिनक्स वापरते आणि एरवी कार्ड बंदच ठेवते. तशा अवस्थेत प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लावली तर भिंतीवर काहीच उमटत नाही. टर्मिनलवर ‘एक्सरँडर’ चालवलं की ओळ येते: एचडीएमआय-१, डिसकनेक्टेड. तीच केबल एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला लावली की प्रोजेक्टर लगेच सुरू.

“मॅडम, तुमचा पोर्ट गेलाय,” मुलं सांगतात. पोर्ट ठणठणीत असतो. मदरबोर्डवर त्याच्या तारा थेट कार्डाकडे गेलेल्या आहेत. (कित्येक लॅपटॉपांत त्या आतल्या ग्राफिक्सकडे जातात, बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही.) प्रोजेक्टर जोडला की केबलच्या एकोणिसाव्या पिनेवर विजेचा दाब चढतो, मग दुसऱ्या तारांवरून प्रोजेक्टर आपली ओळख सांगतो, निदान १२८ बाइट्सची. ही हाक कार्डाच्या दारात येते आणि कार्ड झोपलेलं असतं. आतल्या ग्राफिक्सच्या यादीतलं ‘एचडीएमआय-१’ हे त्याचं स्वतःचं टोक. माझ्या लॅपटॉपवरचा कुठलाच पोर्ट त्याला जोडलेला नाही. तिथे काही लागलेलं नाही, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. त्यावरून प्रोजेक्टर जोडलेला नाही असं ठरवणारे आपण. कार्ड चालू करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की यादीत ‘एचडीएमआय-१-०’ असं नवं नाव येतं, कनेक्टेड.

लिनक्सच्या कर्नलमध्ये पडद्याच्या जोडणीसाठी उत्तरं तीन ठेवली आहेत: आहे, नाही, आणि खात्रीने सांगता येत नाही. ज्यांनी ते तिसरं उत्तर ठेवलं त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. ईश्वराच्या प्रश्नात ते आपण फार लवकर सोडून देतो.

उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात हाच मुद्दा धरला आहे. न दिसणं म्हणजेच नसणं असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुलं नाहीशी झाली म्हणून ऊर बडवून रडायला हवं. ईश्वर मुळात डोळ्यांचा विषय नाही, तेव्हा डोळ्यांना न दिसल्याने त्याचा अभाव ठरत नाही. यावर विरोधक सशाचं शिंग पुढे करतो: मग तेही अदृश्य आहे म्हणा की! उदयन हे मान्य करत नाहीत. शिंग ही दिसणारी वस्तू आहे. सशाच्या डोक्यावर ते असतं तर दिसलं असतं, म्हणून ते नाही.

मी स्वतः आस्तिक आहे, आणि आस्तिकांनी हा दुसरा भाग जास्त लक्षात ठेवावा असं मला कळकळीने वाटतं. अंगाऱ्याने ताप उतरतो, नवसाने आजारी पोर बरं होतं, हे दावे दिसणाऱ्या गोष्टींचे आहेत. ताप उतरला की नाही हे थर्मामीटर सांगतो. तिथे फळ आलं नाही, तर ‘देव इंद्रियांपलीकडचा आहे’ असं म्हणून सुटता येत नाही. त्या आशेवर कुणाचं तरी औषध थांबलेलं असतं.

तिसरा स्तबक ईश्वर सिद्ध करत नाही, आक्षेप तेवढे दूर करतो. सिद्धीसाठी उदयनांनी पाचवा स्तबक लिहिला: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, आणि पुढची अनुमानं. ती मला पुरेशी वाटत नाहीत. माझी श्रद्धा त्यांच्यावर उभी नाही, आणि मुलांनी विचारलं तर मी वर्गात तसंच सांगते.