अकरा जणांत कोण?

एखादा संघ आपला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? त्या संघात आपला पैसा गुंतलेला नसतो. निवड समितीच्या बैठकीला आपल्याला कोणी बोलावत नाही. खेळाडूंपैकी एकही आपल्याला ओळखत नाही. तरीही अमक्याला का घेतले आणि तमक्याला का काढले यावरून आपण रागावतो, भांडतो, कधी कधी जेवणाच्या ताटावरून उठतो. आपल्या नृसिंहवाडीत पेढ्याच्या दुकानात टीव्हीवर सामना लागलेला असला, की गिऱ्हाइकाच्या हातात पुडा देता देता दुकानदार दोन फलंदाज काढतो, एक गोलंदाज घेतो आणि कर्णधारही बदलून मोकळा होतो. एसटीची वाट पाहणारेही त्यात आपले मत घालतात. आम्हीही त्यांच्यातलेच. रेडिओवरचे धावते समालोचन कानाला लावून ऐकण्यापासून आजच्या मोबाइलपर्यंत आम्ही मुंबईचा संघ आपला मानत आलो, आणि त्या संघाबद्दल आम्हाला न विचारता आम्ही पुष्कळ मते देत आलो.

हा विषय करमणुकीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु २०२४ च्या मार्च महिन्यात आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावात जे घडले ते अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. मुंबई आणि हैदराबाद यांचा आयपीएलचा सामना चालू होता. रोहित शर्मा बाद झाला. चेन्नईचे पाठीराखे असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यावर आनंद व्यक्त केला. त्यातून बाचाबाची झाली, मारहाण झाली, आणि काही दिवसांत ते गृहस्थ वारले. एक घर उजाड झाले. ज्याच्या बाद होण्यावरून हे झाले त्या खेळाडूला त्या गावाचे नावही माहीत असण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रश्न असा, की संघावरचे हे प्रेम आपल्याला कोणता हक्क देते आणि कुठवर देते?

त्याच वर्षीचे मुंबईचे उदाहरण घेऊ, कारण त्या वर्षी हा प्रश्न घराघरात पोचला होता. रोहितच्या नेतृत्वाखाली मुंबई इंडियन्सने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली. डिसेंबर २०२३ मध्ये व्यवस्थापनाने त्याच्या जागी हार्दिक पंड्याची नेमणूक केली. हार्दिक काही परका नव्हता. २०१५ ते २०२१ तो मुंबईकडूनच खेळला, नंतर गुजरातचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी म्हणजे २०२२ मध्ये त्याने तो संघ विजेता केला, आणि मग परत आला. निर्णय बरोबर होता का? आमचे मत असे, की कर्णधार केव्हातरी बदलावाच लागणार होता, पण अकरा हंगाम ज्याने घर सांभाळले त्याला एका निवेदनाने बाजूला करणे शोभले नाही. पाठीराख्यांना जे दुःख झाले ते खोटे नव्हते. जिथे सगळे काही करारावर चालते तिथे निष्ठेची अपेक्षा फक्त प्रेक्षकांकडूनच केली जाते, हे त्यांना टोचले.

पण पुढे काय झाले? हंगाम सुरू झाल्यावर अहमदाबादेत आणि इतरत्र हार्दिकची हुर्यो उडवली गेली. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्या घरात, नाणेफेकीच्या वेळीही तेच झाले. संजय मांजरेकर यांना हातात माइक धरून प्रेक्षकांना नीट वागण्याची विनंती करावी लागली. नेमणूक ज्यांनी केली त्यांच्याविरुद्ध त्या दिवशी कोणी आरोळी दिली नाही. सगळा राग नेमल्या गेलेल्या माणसावर निघाला. मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून शेवटच्या, दहाव्या स्थानावर राहिली. नंतर २९ जून रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या, आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलै रोजी विजयी संघ वानखेडेवर आला तेव्हा तिथे 'हार्दिक, हार्दिक' असा घोष चालला होता. मधल्या तीन महिन्यांत त्या माणसाने आपला स्वभाव बदलला होता का? एप्रिलमधली हुर्यो जर न्यायाची होती, तर जुलैमध्ये ती एका षटकाने पुसली कशी गेली?

आम्हाला वाटते, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. निर्णय ही एक गोष्ट आणि ज्याच्या वाट्याला तो निर्णय आला तो माणूस ही दुसरी. निर्णयावर टीका करण्याचा पाठीराख्याला पूर्ण हक्क आहे. काही जण म्हणतात, संघ मालकाचा, पैसा मालकाचा, तुम्ही तिकीट काढा आणि गप्प बसा. ते आम्हाला पटत नाही. खेळाडू दहा-पंधरा वर्षे खेळतो, व्यवस्थापक त्याहूनही लवकर बदलतात, पाठीराखा मात्र पन्नास वर्षे तिथेच असतो. संघाची आठवण त्याच्याकडे असते. कोणत्या वर्षी कोणाला डावलले आणि त्याचे काय फळ मिळाले, हे दप्तरात नसले तरी त्याच्या तोंडावर असते. अशा माणसाला बोलू द्यायला हवे. परंतु ज्याने पद मागून हिसकावले नाही, ज्याला ते दिले गेले, त्याला शिक्षा करण्याचा हक्क या आठवणीतून निघत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये हे आणखी जवळून दिसते. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नुसती संघांची नावे नव्हेत. ती पेठांची, तालमींची नावे आहेत. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठे गेला यावर चहाच्या गाड्यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. काल आपल्या पेठेसाठी गोल करणारा पोरगा आज समोरच्या तालमीचा शर्ट घालून शाहू स्टेडियमवर उतरतो, आणि गॅलरीतून 'गद्दार' अशी आरोळी येते. आफ्रिकेतून खेळाडू येऊ लागल्यापासून आणखी एक तक्रार ऐकू येते: पेठेतली मुले बाहेर बसतात आणि पाहुणे खेळतात.

या दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. तालीम ज्या मुलांसाठी उभी राहिली त्यांनाच जागा नसेल, तर नुसत्या करंडकाचे करायचे काय? हा प्रश्न कारभाऱ्यांना भर सभेत, नाव घेऊन विचारावा. ते पाहुणे मात्र घरापासून हजारो मैल दूर येऊन मिळेल त्या खोलीत राहून खेळतात. त्यांना काय म्हणून बोल लावायचा? आणि 'गद्दार' या शब्दाचा तर जरा थांबून विचार करायला हवा. आपल्या शिरोळ तालुक्यातून रोज कितीतरी माणसे इचलकरंजीला कामाला जातात. एका कारखान्यात दोन पैसे जास्त मिळाले तर माणूस पहिला कारखाना सोडतो, आणि घरी त्याचे कौतुकच होते. गुडघा टिकेल तोवरच ज्याची कमाई आहे, अशा पोराने तेच केले तर तो गद्दार कसा? आम्ही तर म्हणू, मैदानावर जीव न लावणाऱ्याला खुशाल ओरडा. पण तो कोणाचा शर्ट घालून जीव लावतो हे त्याचे त्याला ठरवू द्या.

आता संघाबाहेर राहिलेल्यांकडे वळू, कारण संघनिवडीचा खरा नैतिक प्रश्न तिथे आहे. अकरा जागा असतात. 'याला घ्या' असे आपण सहज म्हणतो, त्या वाक्यात 'त्याला काढा' हे असतेच, फक्त ते आपण मोठ्याने बोलत नाही. मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले, आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. आमच्या पिढीतले मुंबईवाले याला अन्याय म्हणत आले. पण त्यांच्या काळात त्यांच्याच शैलीचा बिशनसिंग बेदी होता, ज्याने ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. बेदीला काढा, असे किती जण म्हणाले असते? शिवलकरांचे झाले ते दुर्दैव. अन्याय वेगळा असतो, आणि दोन्हींना एकच नाव दिले की खरा अन्याय झाकला जातो.

खरा अन्याय म्हणजे पाळवणकर बाळू यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू संघाचा हा सर्वांत मोठा गोलंदाज. पण तो दलित होता, म्हणून संघाचे कर्णधारपद त्याला कधीच दिले गेले नाही. १९२० मध्ये त्याच्या दोन भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, याच कारणावरून संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला तेव्हा बाळूचे खेळण्याचे दिवस संपले होते. इथे ज्यांना राग आला, तो योग्यच होता, आणि तो ज्यांनी निवड केली त्यांच्यावर होता.

त्या काळी मुंबईच्या त्या स्पर्धेत जन्म ज्या धर्मात, संघही त्याच धर्माचा, असा नियम होता. आपल्या शेजारच्या सांगलीत १९१५ साली ख्रिस्ती घरात जन्मलेले विजय हजारे त्यामुळे 'रेस्ट' म्हणजे 'उरलेले' या संघातून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध रेस्टच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. भारताने आपली पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, आणि त्या दिवशी कर्णधार होते हेच 'उरलेल्यां'मधले हजारे.

कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांना मात्र कुठे ठेवावे हे आम्हाला आजही नीट सांगता येत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला गाठायला नऊ धावा कमी होत्या. काठेवाडचा कर्णधार, राजकोटचा ठाकोरसाहेब, याने सामना सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेला. प्रथम श्रेणी सामन्यांत चारशेच्या वर गेलेले निंबाळकर हे एकमेव भारतीय. तरीही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ते २०१२ मध्ये कोल्हापुरातच वारले, वयाची ९३ वर्षे पुरी व्हायला एक दिवस होता. त्या काळी भारताची मधली फळी भक्कम होती हे मान्य. हजारेही त्याच फळीत होते. म्हणून याला अन्याय म्हणावे की दुर्दैव, हा वाद आमच्या मित्रमंडळींत मिटलेला नाही, आणि मिटावा अशी घाईही कोणाला नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात बाराव्या जागेसाठी दोन नावे पुढे येतात. मत्थियाच्या नावाची चिठ्ठी निघते. दुसरा, बर्सबा म्हटलेला योसेफ, तोही पहिल्यापासून सर्वांबरोबर होता. त्याचे पुढे काय झाले हे तिथे सांगितलेले नाही. त्याने मत्थियाशी वैर धरले असेही कुठे लिहिलेले नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकदाही खेळायला मिळाले नव्हते. स्पर्धेच्या मध्यातच त्यांच्यासमोरही हाच प्रश्न आला. सांगलीच्या स्मृती मानधनाबरोबर डावाची सुरुवात करणारी प्रतिका रावल, जिने तोवर ३०८ धावा केल्या होत्या, २६ ऑक्टोबरला पायाला दुखापत होऊन बाहेर पडली. मूळ पंधरा जणींत नसलेल्या शफाली वर्माला तिच्या जागी बोलावले गेले. उपांत्य सामन्यात ती १० धावांवर बाद झाली, आणि अनेक घरांतून आमच्यासारख्यांनी लगेच आपापली मते दिली असतील. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. सामना संपल्यावर मैदानावर जल्लोष सुरू झाला, तेव्हा प्रतिका व्हीलचेअरवरून मैदानात आली, आणि खांद्यावर तिरंगा घेऊन त्या सगळ्या जणींत मिसळली.