ग्रहण सुटल्यावर

"माणूस गेल्यावरच त्याची किंमत कळते," असे अंत्यविधीहून परतताना आपण हमखास म्हणतो. हा आयुष्याचा नियम आहे, की आपली नुसती सवय?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राच्या सावलीचा पट्टा आपल्या देशात कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर असा मछलीपट्टणमकडे गेला. गुंटूरला जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून सज्ज होते. पाच मिनिटांहून अधिक काळ सूर्य पूर्ण झाकला गेला. त्याच्या कडेला उंच तांबड्या ज्वाला दिसल्या आणि वर्णपटात त्यांच्या ठळक रेषा उमटल्या.

अशा ज्वाला सूर्याच्या कडेला एरवीही असतात. लखलखाटामुळे आपल्याला त्या दिसत नाहीत, इतकेच. इतक्या ठळक रेषा ग्रहणावाचूनही दिसतील, असे जान्सेन यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वच्छ उन्हात, त्यांनी सूर्याच्या कडेवर यंत्र रोखले. वर्णपटात आकाशाचा उजेड पसरून फिका पडतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला राहतो. त्या रेषा खरोखरच दिसल्या!

इंग्लंडमध्ये लॉकियर १८६६ पासून याच प्रयत्नात होते. ग्रहणाची सावली त्यांच्या देशावर पडलीच नव्हती. तरीही २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनाही त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रे २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली.

आपल्या घरातही असेच होते. आई अंथरुणाला खिळली म्हणजे पाणी कोण भरत होते, कोणाचे औषध कोण लक्षात ठेवत होते, हे एकाएकी दिसू लागते. कोणी म्हणेल, अंधार पडला म्हणूनच जान्सेन यांना वाट सापडली. खरे आहे. दुःख पुष्कळ शिकवते. पण ग्रहण सुटल्यावर यंत्र गुंडाळून ते घरी गेले असते तर? आई बरी होऊन उठते, चूल पेटते, आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे वागू लागतो. शिकवण वाया जाते ती तिथे.

आणि ज्यांच्या घरावर अजून सावली आलेली नाही, त्यांनी तिची वाट का पाहावी? अंत्यविधीच्या वेळी जे चांगले शब्द आपण बोलणार आहोत, ते त्या माणसाला आज ऐकू येतात. उद्या ते इतरांनाच ऐकावे लागतील.