मोजायला कोण येणार?

अकोल्याच्या जठारपेठेत लहानाची मोठी झालेल्या मुलीला खाऱ्या पाण्याची ओळख असायचं काही कारण नव्हतं. नळ उशिरा यायचा, पण आला की महानच्या धरणाचं गोडं पाणी यायचं. वडिलांचं पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान. शेती त्यांच्या घरातून आजोबांच्या वेळीच गेलेली. तरीही मुलीनं कृषी पदवीला प्रवेश घेतला. १९६९ साली स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ गावातच असल्यामुळे घर सोडावं लागणार नव्हतं, एवढाच तेव्हा तिचा विचार होता.

घर सुटलं ते सातव्या सत्रात. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात विद्यार्थी खेड्यात जाऊन राहतात. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. शेतकऱ्याच्या घराशी जोडून घ्यायचं, गावाचा नकाशा काढायचा, मातीचे नमुने घ्यायचे, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, कामगंध सापळे अशी प्रात्यक्षिकं करून दाखवायची आणि शेवटी अहवाल लिहून तोंडी परीक्षेला बसायचं. हिच्या गटाला अकोट रस्त्याकडचं, पूर्णेच्या काठचं एक गाव मिळालं.

गटातली तिची जिवाभावाची मैत्रीण फार व्यवस्थित. मागच्या वर्षीच्या ताईंची फाईल तिनं आधीच मिळवली होती. कुठल्या पानावर कोणता फोटो, कुठे सरपंचांची सही, कुठे शिक्का, सगळं तिला पाठ. ‘आपण रोज एक प्रात्यक्षिक उरकलं तर महिन्याभरात मोकळ्या होऊ,’ असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यात वाईट हेतू नव्हता. सगळे असंच करतात, असं तिनं ऐकलं होतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. पेरण्या खोळंबलेल्या, लोक घरीच, त्यामुळे सोयाबीनच्या उगवणक्षमता चाचणीला शाळेच्या पटांगणात चांगली गर्दी जमली. हापशाचं पाणी आणलं. गोणपाट भिजवून अंथरलं. त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडले, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकलं आणि गुंडाळी करून सावलीत ठेवली. बॅनर धरून फोटो झाला. गर्दी पांगली. ज्या घरचं बियाणं होतं त्या घरातली म्हातारी मात्र तिथंच उभी राहिली.

“फोटो त झाला वं पोरी. आता मोजाले कोन येईन?”

मैत्रीण म्हणाली, “आजी, सत्तर टक्क्यांच्या वर आलं की बियाणं चांगलं समजायचं.” उत्तर पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर होतं. फक्त म्हातारीनं ते विचारलं नव्हतं. जठारपेठेतली मुलगी म्हणाली, “मी येते.” ती रोज सकाळ-संध्याकाळ गुंडाळीवर पाणी शिंपडायला जाऊ लागली. सहाव्या दिवशी गोणपाट उलगडलं आणि ती गप्प झाली. शंभरातले त्रेचाळीस दाणे उगवले होते. बाकीचे नुसते फुगून बुळबुळीत झालेले.

मैत्रिणीच्या फाईलमध्ये तोवर ‘८५ टक्के’ लिहून झालं होतं. मागच्या फाईलमधला आकडा ८२ होता. तोच लिहिला तर कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल म्हणून तीन वाढवले होते.

शेतकऱ्याच्या घरी त्या रात्री वेगळाच हिशेब सुरू झाला. म्हातारीचा मुलगा म्हणाला, घरचं बी मोडीत काढू, बाजारात विकून टाकू, विकतच्या बॅगा आणू. त्यासाठी दुकानदाराकडे उधारी करावी लागणार होती. मुलगी ओसरीवर बसून ऐकत होती. वर्गात ‘उगवणक्षमता’ हा दोन गुणांचा प्रश्न असायचा. इथं तिच्या एका आकड्यावर एका घराची उधारी ठरत होती. आकडा खरा असेल तर उधारी करायलाच हवी होती. पण तो खरा आहे, हे तरी कशावरून?

दुसऱ्या दिवशी तिनं म्हातारीलाच विचारलं, मळणी कशी केली, पोती कुठे ठेवली, गंजी भिजली होती का. म्हातारीनं सगळं नीट सांगितलं. बियाण्यात खोट काढावी असं काही निघेना. मग मुलीनं विचारलं, “आजी, तुम्हाला काय वाटतं?”

“आमच्या हापशाच्या पान्यात दाय शिजत नाई. त्या पान्यात बी काय उगवीन?”

“मग त्या दिवशी का नाही बोललात?”

“तुमी त शिकेल लोकं. मले वाटलं, तुमाले मालूम असन.”

खारपाणपट्टा हा शब्द तिनं परीक्षेत लिहिला होता. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा, भूजल खारं, सिंचनाला अयोग्य, म्हणून शेती बहुतांशी पावसावर. त्या उत्तराला तिला पूर्ण गुण मिळाले होते. पण त्याच पट्ट्यात उभं राहून, त्याच पाण्यानं गोणपाट भिजवताना ते उत्तर तिला आठवलं नाही. पेरलेलं बी जमिनीत पावसाच्या पाण्यावर उगवतं. म्हणजे खाऱ्या पाण्यात भिजवून त्याची परीक्षा घेतली, तर ती परीक्षा बियाण्याची होतच नाही.

तिनं चाचणी पुन्हा मांडली. एकाच पोत्यातले दोनशे दाणे घेतले. शंभर हापशाच्या पाण्यावर, शंभर ८४ खेडी पाणीपुरवठा योजनेच्या नळाच्या पाण्यावर, जे त्या गावात पिण्यापुरतंच येतं आणि जपून वापरलं जातं. म्हातारीनं आपल्या माठातलं पाणी काढून दिलं. दोन्ही गुंडाळ्या एकाच सावलीत. मैत्रीण म्हणाली, “अगं, हे अहवालात कुठेच बसत नाही. आपली तीन प्रात्यक्षिकं मागे पडलीत.” ती खरोखरच मागे पडली होती. पुढे त्यांचे गुणही कापले गेले.

सहा दिवसांनी गावानं मोजलं. हापशाचं पाणी, एक्केचाळीस. नळाचं पाणी, अठ्ठ्याहत्तर. बियाणं चांगलं होतं. एकरी तीस किलोच्या नेहमीच्या हिशेबानं पेरायला हरकत नव्हती. विकतच्या बॅगा आल्या नाहीत आणि दुकानदाराची उधारीही झाली नाही. त्या आठवड्यात आणखी काही घरांतून ओच्यात सोयाबीन बांधून बाया आल्या, “आमचंही पाह्य वं,” म्हणत. मुलीनं प्रत्येकीला शंभर दाणे मोजायला लावले, स्वतः मोजले नाहीत. मला या सगळ्या गोष्टीत हेच तिचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आता कला, वाणिज्य, विज्ञान सगळ्याच शाखांच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. ओळखीच्या काकांच्या ऑफिसात जाऊन प्रमाणपत्र आणणारी मुलं मी पाहतो आणि जीव तुटतो. ज्या वयात चुकलेलं चालतं, विचारलेलं शोभतं आणि समोरचा माणूस हातचं न राखता सांगतो, ते दिवस पुन्हा मिळत नाहीत. नोकरी लागली की हेच प्रश्न विचारायला लाज वाटू लागते.

तोंडी परीक्षेत दोघी एकामागोमाग आत गेल्या. परीक्षकांपुढे एकाच गावाच्या, एकाच बियाण्याच्या दोन फाईली होत्या. एकीत ८५, दुसरीत आधी ४३, मग ४१ आणि ७८. त्यांनी मैत्रिणीला एवढंच विचारलं, “गोणपाट कोणत्या पाण्यानं भिजवलं होतं?”

“पाण्यानं, सर.”

त्यांनी फाईल मिटली नाही, रागावलेही नाहीत. दुसरी फाईल तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, “हे वाच आणि मला समजावून सांग.” तिथं उभ्या उभ्या तिनं ती पानं वाचली. मध्ये एकदा थांबली, मागे वळून जठारपेठेतल्या मुलीकडे पाहिलं आणि मग दोन पाण्यांचा फरक तिनं नीट सांगितला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुझी ती फाईल मला दे. मला ती माणसं बघायची आहेत.” तिथं महिनोन्महिने राहून ती हे म्हणत होती. त्या रविवारी दोघी एसटीनं गावाला गेल्या. नवं सोयाबीन घरात आलं होतं. पुढच्या वर्षाचं बियाणं वेगळं काढायला मैत्रीण म्हातारीबरोबर दुपारभर बसली.

पुढच्या जूनमध्ये गावात नव्या कृषिकन्या आल्या. त्यांनीही बॅनर बांधला, गोणपाट घेतलं आणि बादली घेऊन हापशाकडे निघाल्या. म्हातारीनं त्यांना ओसरीवरूनच हाक मारली.

“त्या पान्यानं नोका करू वं बाई. इकडे या आधी, मी सांगतो तुमाले. अन् मोजाले कोन येईन, ते पयले ठरवा.”

मुलींनी बादली खाली ठेवली आणि वही काढली.