खेळणाऱ्याचा आवाज

मार्च २०११ मध्ये कर्ट जे. मॅक नावाचा एक अमेरिकी तरुण ‘माइनक्राफ्ट’ या गेममध्ये पश्चिमेकडे तोंड करून चालू लागला. वाटेत महाल बांधायचे नाहीत, खाणी खणायच्या नाहीत. चालायचं, आणि चालता चालता बोलायचं. त्याला जायचं होतं ‘फार लँड्स’ला. या गेममधली जमीन आधीपासून कुणी आखून ठेवलेली नसते. खेळाडू पुढे सरकेल तशी ती गणिताने तयार होत जाते. त्या गणितातली एक संख्या ३२ बिटांच्या चौकटीत मावते तोवर, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत, सगळं सुरळीत चालतं. ती मर्यादा ओलांडली की डोंगरदऱ्यांचा हिशोब कोलमडतो आणि समोर भगदाडांनी भरलेली एक अजस्र भिंत उभी राहते. सुरुवातीच्या जागेपासून ही भिंत १ कोटी २५ लाख ५० हजार ८२१ ठोकळ्यांवर आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. पृथ्वीच्या व्यासाच्या जवळपास जाणारं हे अंतर न थांबता चाललं तरी आठशे तास खाईल.

सप्टेंबर २०११ मध्ये गेमची नवी आवृत्ती आली. तिच्यात हे गणित बदललं आणि फार लँड्स नाहीशी झाली. मॅक जुन्याच आवृत्तीत राहिला. तेव्हापासून वर्षानुवर्षं तो त्या प्रवासाचे व्हिडिओ करत आला आहे. सोबत एक पाळलेला लांडगा. रात्र पडली की जमिनीत खड्डा खणून आत बसायचं, उजाडलं की पुन्हा वाट धरायची. किती अंतर कापलं हे दाखवणारी एक कळ गेममध्ये असते, पण ती तो एरवी दाबत नाही; आजारी मुलांच्या रुग्णालयांना खेळ आणि खेळणी पुरवणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी ठरवलेली देणगी जमली की मगच आकडा पाहायचा, असा त्याचा नेम. या चालण्यातून त्या संस्थेला काही लाख डॉलर मिळाले आहेत.

हे व्हिडिओ पाहणाऱ्याला दिसतं काय? गवत, वाळू, पाणी, पुन्हा गवत. ऐकू येतो तो मात्र एक माणूस. अवकाश मोहिमांबद्दल, आठवडा कसा गेला त्याबद्दल, प्रेक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांबद्दल तो बोलत असतो. मध्येच चालणं अडखळतं, कारण समोर समुद्र आलेला असतो. सुरुवातीच्या जागेपासून फार दूर गेल्यावर पडद्यावरच्या वस्तू थरथरू लागतात, कारण संख्या मोठी होत जाते तशी संगणकाची दशांशातली अचूकता घटत जाते. एरवी संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवावी लागणारी ही गोष्ट त्याच्या प्रेक्षकांना त्या थरथरीतून समजते. मागाहून निघालेला दुसरा एक खेळाडू २०२० मध्ये चालत फार लँड्सला पोहोचला. मॅकच्या कामाची किंमत त्याने तसूभरही कमी झाली नाही.

मला या कामाची बाजू मांडायची आहे. ‘गेम खेळतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो’ हे वाक्य आपल्याकडे तक्रारीच्या सुरात उच्चारलं जातं. त्या सुरामागे समज असा की खेळणं हा वेळेचा अपव्यय आणि खेळताना स्वतःचं चित्रण करणं हा दुप्पट अपव्यय. मला नेमकं उलट वाटतं. गेम ही आपल्या काळातली फार मोठी कला आहे, आणि ती उद्यापर्यंत पोहोचणार असेल तर अशा छांदिष्टांनी करून ठेवलेल्या नोंदींमुळेच पोहोचेल. गेम बनवणाऱ्या कंपन्या ते काम करणार नाहीत. आजवर त्यांनी ते केलेलं नाही.

‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं तिच्यात आढळलं. याचा अर्थ दहातले जवळपास नऊ गेम सरळ मार्गाने विकत घेता येत नाहीत. जपानच्या कोनामी कंपनीने २०१४ मध्ये ‘पी. टी.’ नावाचा एक छोटा भयपट-गेम फुकट दिला. एका घराचा एकच वळणाचा बोळ, त्यातून पुन्हा पुन्हा जायचं, इतकाच त्याचा पसारा. भयाच्या गेमवर त्याचा खोल ठसा उमटला. पुढच्याच वर्षी कंपनीने तो दुकानातून काढून टाकला. आज बहुतेकांना तो माहीत आहे तो दुसऱ्या कुणीतरी घाबरत, थांबत, स्वतःशी बोलत खेळताना करून ठेवलेल्या व्हिडिओंतून.

समजा, उद्या एखाद्या ग्रंथालयाने सगळे गेम जपून ठेवले. तरी प्रश्न सुटत नाही. चित्रपटाचं रीळ जपलं की चित्रपट जपला जातो. गेमचं तसं नाही. गेम घडतो तो खेळणाऱ्याच्या हातून, आणि दोन माणसांच्या हातून एकसारखा घडत नाही. आपल्याकडच्या मैफलींची गोष्ट आठवा. कंपन्यांच्या जुन्या तबकड्यांनी तीन मिनिटांत बसवलेला राग दिला. रात्रभराची मैफल राहिली ती घरचा स्पूल रेकॉर्डर घेऊन पुढच्या रांगेत बसणाऱ्या रसिकांकडे. त्या फितींमध्ये तबला जुळवतानाची ठोकाठोक आहे, श्रोत्यांची दाद आहे, गवयाने मध्येच थांबून सांगितलेली बंदिशीची हकिगत आहे. या रसिकांना त्यातून पैसे मिळत नव्हते, आणि आपण इतिहास जपतो आहोत असंही त्यांच्या मनात नसेल. त्यांना गाणं आवडत होतं. आज अभ्यासक त्याच फितींकडे वळतात.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर पबजीचं घ्यावं. २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं, आणि २०१८ मध्ये पबजी मोबाइल हा गेम खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात पोहोचला. जेवणं झाल्यावर गच्चीवर, पारावर, वसतिगृहाच्या जिन्यात चार-चार जणांची टोळी कानात इअरफोन घालून बसायची. पोचिंकी हे त्या गेमच्या नकाशातलं गाव कितीतरी मुलांना शेजारच्या तालुक्यापेक्षा जास्त पाठ होतं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर ११७ अ‍ॅपसह त्यावर बंदी घातली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हरही बंद झाले. बंदीनंतर आठवड्याभरातच कंपनीने जगभरासाठी तो नकाशा नव्याने घडवला. पुढे जुलै २०२१ मध्ये त्याची भारतासाठीची आवृत्ती ‘बीजीएमआय’ आली, पण २०१८ ते २०२० मधला तो गेम आता जगात कुठेच खेळता येत नाही. एका पिढीच्या तारुण्याची दोन वर्षं जिथे गेली ती जागा उरली आहे ती फक्त मुलांनी करून ठेवलेल्या चित्रणांत. मुंबईचे आदित्य सावंत आणि नमन माथूर, म्हणजे खेळाडूंचे ‘डायनॅमो’ आणि ‘मॉर्टल’, देशभर माहीत झाले ते याच काळात. पण मला त्यांच्याइतकीच मोलाची वाटतात ती चाळीस-पन्नास प्रेक्षकांची चॅनेलं. त्यांत मागून आई जेवायला हाक मारते, वीज जाते, टोळीतला एक जण उद्या पेपर आहे म्हणून लवकर निघतो. या काळाचा समाजेतिहास लिहिणाऱ्याला याहून चांगलं साधन मिळणार नाही.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. गेमचं व्यसन खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला जागा दिली ते २०१९ मध्ये मान्य झालं आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि साधारणपणे हे वर्षभर टिकणं, या त्याच्या खुणा आहेत. अशा मुलाला मदत लागते, आणि ती वेळेवर मिळायला हवी. पण जो मुलगा खेळून झाल्यावर चित्रण पुन्हा बघतो, नको ते कापतो, कुठे चुकलो ते सांगतो, पुढच्या वेळी काय करणार ते ठरवतो, तो खेळण्यापासून चार पावलं मागे उभा राहून खेळण्याकडे बघतो आहे. दोघांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांमुळे घरं बुडाली, हेही खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ते बंद केले, पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांतला फरक कायद्याला कळला आहे. घरातल्या बोलण्यात तो अजून यायचा आहे.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूची. छंदाला बाजाराची शिस्त लागते तेव्हा नोंद बिघडते. २०१२ मध्ये यूट्यूबने किती वेळ पाहिलं जातं यावर व्हिडिओंचा क्रम लावायला सुरुवात केली. २०१८ मध्ये जाहिरातींचं उत्पन्न मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं अशी अट आली, आणि छोट्या चॅनेलांची जी काही किरकोळ मिळकत होती ती एका निर्णयात गेली. मग आवाज चढतो. पहिल्या दहा सेकंदांत ओरडावं लागतं, आवडत नसलेला पण चालणारा गेम खेळावा लागतो, ताप आला तरी रोज काहीतरी टाकावं लागतं. त्यातच गेमवर हक्क कंपनीचा. २०१३ मध्ये निन्टेन्डोने चाहत्यांच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचं उत्पन्न स्वतःकडे वळवलं, २०१५ मध्ये नोंदणी करणाऱ्यांना त्यातला वाटा देऊ केला, आणि २०१८ च्या शेवटी ती योजनाही गुंडाळून साधे नियम जाहीर केले. चाहत्यांचं बोलणं ही चोरी नाही हे मान्य करायला कंपनीला पाच वर्षं लागली.

म्हणून मला मॅकचं चालणं इतकं महत्त्वाचं वाटतं. त्याने आपल्या कामाची गती स्वतः ठरवली आणि ती सोडली नाही. ‘आज एवढं चाललो, हे दिसलं, हे मनात आलं’ एवढंच तो सांगत राहिला. छंदाच्या नोंदीला याहून जास्त काही लागत नाही.

ही नोंद मराठीत हवी, असं मला तळमळीने वाटतं. मराठीत बोलणारे गेमर आहेत, पण थोडा जम बसला की बहुतेक जण हिंदीकडे वळतात. प्रेक्षक तिथे जास्त आहेत, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. तरीही बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचं समालोचन मराठीत करू लागले तेव्हा हा खेळ मराठीत सांगता येतो हेच आधी सिद्ध व्हायचं होतं. चेंडूमागून चेंडू बोलत राहिल्याने ते सिद्ध झालं. गेमचंही तसंच होईल. उडी का चुकली, शत्रू कुठून आला, या पायरीवर लेखकाने खेळाडूला कसं फसवलं, हे मराठीत रोज बोललं गेलं तरच गेमचं मराठी समीक्षण कधीतरी उभं राहील. प्राध्यापकांनी परिभाषा तयार करून देण्याची वाट पाहू नये. पुण्यात चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय १९६४ मध्ये झालं. तोवर मूकपटांपैकी बहुतेक कायमचे नष्ट झाले होते. गेमच्या बाबतीत तेवढा उशीर करायची गरज नाही, कारण नोंदी आधीच होत आहेत, घराघरांत, कुणी न सांगता.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याने केलेला एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा आणि त्याला त्यातलं काहीतरी विचारा. चॅनेल बंद पडतात, खाती जातात, कंपन्या व्हिडिओ काढून टाकतात. म्हणून मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगा. तिच्या नावात तारीख, गेमची आवृत्ती आणि सोबत खेळणाऱ्यांची नावं लिहायला सांगा. डिस्कचे पैसे तुम्ही द्या.