संपादक नसलेली पानं

जिथे संपादक नाही तिथे साहित्य नाही, हे ब्लॉगलेखकांना छापील माध्यमांतली मंडळी वर्षानुवर्षं ऐकवत आली आहेत. परिसंवादात हे वाक्य हमखास टाळ्या घेतं. मराठी नियतकालिकांचा इतिहास मात्र या दाव्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर त्यांनी एकहाती लिहिला. लेखक तेच, संपादक तेच. विषय संपेपर्यंत निबंध अंकामागून अंक चालू राही. यातली बरीच वर्षं ते सरकारी शाळेत मास्तरकी करत होते. नोकरी सोडली ती १८७९ मध्ये. १८८२ मध्ये ते गेले तेव्हा वयाला बत्तीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. संपादकाची कात्री नसताना मराठी निबंध असा उभा राहिला.

पण याच ‘माले’त चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांवर तुटून पडताना त्यांच्या व्याकरणाची टवाळी केली, विचारांना भिडायचं मात्र टाळलं. शेजारी कुणी जाणता संपादक असता तर ही पानं वगळली गेली असती. म्हणजे टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

तरी हिशेब इथे मिटत नाही. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढलं आणि फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीला स्वतःचं पत्र मिळालं. पुढे त्याच ‘दीनबंधु’ने फुल्यांच्याच ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं छापली आणि उरलेली छापायचं थांबवलं. शेतकऱ्याच्या लुटीवरचं मराठीतलं सर्वांत जळजळीत लेखन आपल्याच माणसांच्या संपादकीय टेबलावर अडलं. फुल्यांनी त्याबद्दल फटकारलं आणि पुस्तक १८८३ मध्ये स्वतःच्या हिमतीवर पुरं केलं. संपादक टवाळी अडवतो तसा असूडही अडवतो, आणि समाजाला दुसरं नुकसान जास्त महागात पडतं.

स्वतःचं पत्र स्वतः काढण्याचं मोल सोलापूरला नव्याने सांगायला नको. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या इथल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत. विशीतल्या या तरुणाने कुणी आपल्याला छापावं म्हणून वाट पाहिली नाही.

आज याच शहरातून समीर गायकवाड ब्लॉग लिहितात. वेश्यावस्तीतल्या बायकांवर त्यांनी सातत्याने लिहिलं. एरवी ज्या बाया वर्तमानपत्रात फक्त पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत येतात, त्यांना इथे नाव, गाव, आजार, मूल, सगळं मिळालं. हे लेखन आधी पडद्यावर वाचलं गेलं; ‘खुलूस’ हे पुस्तक नंतर आलं. वाचक आधी, प्रकाशक मागाहून, हा क्रम ब्लॉगने घडवला.

त्याला युनिकोडची मोठी मदत झाली. त्याआधी मराठी संकेतस्थळ उघडलं की फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसत. युनिकोड रुळलं, रोमन अक्षरांत ‘solapur’ टाइप करून स्पेसबार दाबला की ‘सोलापूर’ उमटू लागलं आणि शोधलं की सापडूही लागलं. छापखाना नसलेल्या माणसासाठी ही क्रांतीच होती.

खरी काळजी वेगळीच आहे. चिपळूणकरांनी स्वतःचा छापखाना काढला. ब्लॉगलेखक मात्र परक्या कंपनीच्या जागेत राहतो. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, गूगलने २०१९ मध्ये गूगल प्लस गुंडाळलं, आणि त्यांवरचं बरंच लेखन आणि बऱ्याच चर्चा गेल्या. ‘निबंधमाला’ आज वाचता येते ती कुणीतरी अंक बांधून कपाटात ठेवले म्हणून. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, विद्यापीठ आहे. त्यांनी जिल्ह्यातल्या ब्लॉगलेखकांकडून परवानगी घ्यावी, निवडक नोंदी कागदावर छापून, बांधून, तारखेसह दाखल करून घ्याव्यात. या दिवाळीनंतर लगेच सुरुवात करावी.